तपकिरी बुटांचा गुन्हा

लंडनमध्ये बँका आणि दलाली पेढ्यांचा जो भाग नुसता 'सिटी' म्हणून ओळखला जातो, तिथे सुटाखाली तपकिरी बूट घालू नयेत असा जुना संकेत आहे. बूट काळेच हवेत. का, असे विचारले तर सांगण्यासारखे कारण कोणाकडेच नसते. असे चालत आले आहे, इतकेच. २०१६ साली ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनने गुंतवणूक बँकांतल्या नोकरभरतीवर एक अहवाल काढला. साध्या घरांतून आलेली, चांगल्या गुणांनी पदवी मिळवलेली मुले या बँकांच्या दारातून परत का फिरतात याचा शोध घेताना अभ्यासकांना जी कारणे सापडली, त्यांत हे तपकिरी बूटही निघाले. एका उमेदवाराला तर मुलाखतीनंतर सांगण्यात आले की तू हुशार आहेस यात शंका नाही, पण तुझा टाय फार भडक आहे आणि या सुटावर तो चालत नाही. वाचताना आधी हसू येते. मग ध्यानात येते की त्या मुलाला हे आदल्या दिवशी कोणी सांगितले असते, तर त्याने टाय बदलला असता. साधा टाय भडक टायपेक्षा काही महाग नसतो. त्याला ना ऐपत कमी पडली, ना अक्कल. घरात सांगणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला काय घालावे हा प्रश्न आपल्याकडे शिष्टाचाराच्या, फार तर आवडीनिवडीच्या खात्यात टाकला जातो. तो खरे तर माहितीचा प्रश्न आहे, आणि माहिती सगळ्या घरांत सारखी वाटली गेलेली नसल्यामुळे न्यायाचाही. ज्या घरात आईवडील बँकेत, कचेरीत किंवा कंपनीत काम करतात, तिथे मुलाला ही गोष्ट कोणी मुद्दाम शिकवत नाही. शर्ट इन कसा करतात, पट्टा आणि बूट एका रंगाचे का घेतात, बाह्या कुठपर्यंत याव्यात, हे तो रोज सकाळी पाहत मोठा होतो. नांदेड किंवा जळगावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, शेतकऱ्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या घरातल्या मुलापाशी हे पाहणे नसते. त्याच्या घरात 'चांगले कपडे' म्हणजे लग्नाचे किंवा दिवाळीचे कपडे. ते उठून दिसावेत म्हणूनच घेतलेले असतात: थोडी चमक, थोडे भरतकाम, रंग जरा गडद. मुलाखतीच्या कपड्यांचा धर्म नेमका उलटा. तिथे उठून न दिसणे हीच शोभा. म्हणजे मुलगा घरातले सर्वोत्तम वस्त्र, घरच्यांच्या पूर्ण आशीर्वादासह घालून जातो आणि टेबलापलीकडच्या माणसाला तो 'जरा गावाकडचा' वाटतो. या न्यायात चूक कोणाची, हे ठरवायला हवे.

मुलाखत घेणारे यावर सांगतात की आम्ही कपड्यांकडे पाहत नाही, गुणवत्ता पाहतो. ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. त्यांना स्वतःच्या डोळ्यांचे काम कळत नाही, एवढेच म्हणेन. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाशी संबंधित डॉन्गवॉन ओ, एल्डार शफीर आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या संशोधकांनी २०१९च्या अखेरीस 'नेचर ह्युमन बिहेव्हियर' या नियतकालिकात काही प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवायची आणि हा माणूस किती कर्तबगार वाटतो ते विचारायचे, असा प्रयोगाचा ढाचा होता. तोच चेहरा कधी जरा श्रीमंती वाटणाऱ्या कपड्यांत दाखवला, कधी जरा गरीब वाटणाऱ्या कपड्यांत. फरक राजा-रंकाचा नव्हता; साध्या सदऱ्या-स्वेटरांतला, जेमतेम जाणवेल इतका होता. तरीही श्रीमंती कपड्यांतला चेहरा अधिक कर्तबगार ठरत गेला. काही प्रयोगांत छायाचित्र सेकंदाच्या सुमारे आठव्या भागापुरतेच दाखवले होते, निकाल तोच. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असे बजावून सांगितले, ही माणसे एकाच व्यवसायातली आणि सारख्याच उत्पन्नाची आहेत असे सांगितले, अचूक अंदाजासाठी पैशांचे आमिषही दाखवले. परिणाम पुसला गेला नाही. सद्हेतू, ताकीद आणि बक्षीस, माणसाला सुधारण्याचे हे तीन नेहमीचे उपाय, आणि तिन्ही इथे थिटे पडले.

याचा अर्थ मुलाखत घेणाऱ्यांना उपदेश करून भागणार नाही. जिथे माणसाच्या मनावर भरवसा ठेवता येत नाही, तिथे शहाण्या संस्था मन सुधारायच्या भानगडीत पडत नाहीत. त्या रचना बदलतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. नागरी सेवेच्या एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण दिल्लीतल्या ढोलपूर हाउसमधल्या मुलाखतीला आहेत. मुलाखत मंडळापुढे उमेदवाराचे लेखी परीक्षेतले गुण ठेवले जात नाहीत. गुण दिसले तर मत झुकणार, हे आयोगाने गृहीत धरले आहे. 'गुण पाहा, पण प्रभावित होऊ नका' असे परिपत्रक काढून तो मोकळा झाला नाही. गुण दाखवायचेच नाहीत असे ठरवले. कपडे मात्र झाकता येत नाहीत, उमेदवार ते अंगावरच घेऊन येतो. मग उरतो एकच मार्ग: कपड्यांमधला जो फरक निव्वळ माहितीमुळे पडतो, तो मुलाखतीच्या आधी मिटवून टाकणे. त्यासाठी काय घालून यावे हे बोलावणाऱ्याने स्पष्ट, लेखी आणि सगळ्यांना सारखे सांगितले पाहिजे. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीला आक्षेप बरेच येतात.

पहिला आक्षेप सारासार विवेकाचा. मुलाखतीला नीटनेटके जावे हे सांगावे लागते का, ज्याला तेवढे शोधून काढता येत नाही तो उद्या काम काय करणार, असे विचारले जाते. नीटनेटकेपणाबद्दल हे मान्य. धुतलेला शर्ट, इस्त्री, विंचरलेले केस, कापलेली नखे यांसाठी कोणाच्या पत्राची गरज नाही आणि गरिबातल्या गरीब घरालाही ते ठाऊक असते. उलट तिथे त्याची काळजी जास्त घेतली जाते. पण नीटनेटकेपणा आणि संकेत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काळा बूट हा तपकिरी बुटापेक्षा स्वच्छ नसतो. संकेत विवेकाने शोधून निघत नाही, कारण त्यामागे विवेक नसतोच. आणि शोधायला निघालेल्या मुलाच्या हाती काय लागते? प्लेसमेंट अधिकारी सांगतात ब्लेझर हवाच. मागच्या वर्षी निवड झालेला सीनियर सांगतो, ब्लेझरमध्ये अवघडल्यासारखे दिसते, शर्ट-पॅन्ट पुरे. मोबाइलवरचा सल्लागार गडद निळा म्हणतो, दुसरा म्हणतो निळा फार घासलेला झाला. क्लासवाल्यांनी तर याचाही तास ठेवलेला असतो आणि त्याची फीही असते.

त्यात गेल्या दहा-बारा वर्षांत आयटी क्षेत्राने गोंधळात भरच घातली, तीही अगदी चांगल्या हेतूने. २०१५ साली इन्फोसिसने कर्मचाऱ्यांवरची औपचारिक पोशाखाची सक्ती सैल केली. आज हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी जी गर्दी दिसते ती जीन्स आणि टी-शर्टांची. टाय दिसलाच तर समजावे की तो मुलाखतीला आलेला फ्रेशर आहे. मुलाखत घेणारा टी-शर्टमध्ये आणि देणारा टायमध्ये, असे हे उलटे दृश्य आहे. बंधने सुटली म्हणजे नवख्याला सोपे झाले, असा समज होतो. माझ्या मते अवघड झाले. जुन्या सुटाचे नियम जाचक होते, पण ते मोजके होते आणि पाठ करता येत होते. एकदा शिकले की कारकुनाचा मुलगा आणि कलेक्टरचा मुलगा त्या सुटात जवळपास सारखे दिसत. 'स्मार्ट कॅज्युअल' नावाच्या प्रकाराला नियमच नाहीत. कोणता टी-शर्ट ऐटदार आणि कोणता गबाळा, कोणते पांढरे कॅनव्हास बूट चालतात आणि कोणते बाजारातले वाटतात, हे ब्रँडवरून, कापडाच्या पोतावरून आणि घालणाऱ्याच्या बेफिकिरीवरून ठरते. बेफिकिरी तर सगळ्यांत महाग. ती उसनी आणता येत नाही. नियम लिहिलेला असतो तेव्हा त्याच्यावर टीका करता येते, तो पाळता येतो. नियम नाहीच असे जाहीर करून तो मनात ठेवला, की आतल्या माणसांनाच तो कळतो.

मुलींच्या बाबतीत हा पेच दुप्पट होतो. मुलाने फिकट शर्ट आणि गडद पॅन्ट घातली की त्याच्याबद्दल कोणी काही अनुमान काढत नाही. मुलीने साडी नेसली तर ती जुन्या वळणाची, पॅन्ट-शर्ट घातला तर जरा पुढारलेली, सलवार-कमीज घातला तर कॉलेजातून तशीच उठून आलेली. तटस्थ असा पोशाख तिच्यासाठी शिल्लक ठेवलेलाच नाही. १९९० साली सँड्रा फोरसाइथ या अमेरिकी संशोधिकेने दाखवले होते की पुरुषी वळणाचे कपडे घातलेल्या स्त्री-उमेदवारांना मुलाखत घेणाऱ्यांकडून अधिक अनुकूल शिफारस मिळते. तो निष्कर्ष त्या देशातला, तिथल्या व्यवस्थापकीय जागांपुरता. तो जसाच्या तसा इथे आणू नये. पण त्यामागची गोम इथेही ओळखीची आहे: बाईच्या कपड्यांतून तिच्या कामाचा नव्हे, स्वभावाचा अंदाज बांधला जातो. टिकली, मंगळसूत्र, हिजाब, कापलेले केस या सगळ्यांची उत्तरे तिने तोंड उघडण्याआधीच लिहिली गेलेली असतात. कंपनीच्या पत्रात 'साडी, सलवार-कमीज किंवा पॅन्ट-शर्ट, तिन्ही सारखेच चालतील' एवढे लिहिले तर हे पूर्वग्रह जाणार नाहीत, हे मलाही कळते. पण समोर बसलेल्या माणसाला निदान आपल्याच संस्थेने लिहिलेले वाक्य वाचावे लागेल आणि निकालानंतर कपड्यांचे नाव घेता येणार नाही.

याहून गंभीर आक्षेप स्वाभिमानाचा आहे, आणि तो महाराष्ट्रात घेतला जाणे साहजिक आहे. साहेबी संकेतापुढे मान तुकवायचीच कशाला? १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. दागदागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा देश खेड्यांत राहतो, असे त्यांनी राजपुत्राला तोंडावर ऐकवले. त्यांचा वेश हाच त्यांच्या भाषणाचा पहिला परिच्छेद होता. उलट बाबासाहेब आंबेडकरांचा सूट. आजही गावोगावच्या पुतळ्यांत तो निळा सूट उभा आहे आणि जातीने ठरवून दिलेले वस्त्र नाकारणे हा त्याचा अर्थ गावातल्या प्रत्येकाला कळतो. डिसेंबर १९२७मध्ये महाडला जमलेल्या दलित स्त्रियांना त्यांनी सांगितले होते की साडी नेसण्याची जी पद्धत आणि जे जाडजूड दागिने तुमची जात लांबून ओळखू आणतात, ते सोडा. दोघांच्या वाटा परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघांनाही संकेत पुरता माहीत होता. एकाने तो जाणून मोडला, दुसऱ्याने जाणून हस्तगत केला. मोडण्याचा अधिकारसुद्धा माहिती असलेल्यालाच असतो. भडक टाय घालून गेलेल्या मुलाने कोणतेही बंड केलेले नव्हते. आपण नियम पाळतो आहोत अशीच त्याची समजूत होती. स्वाभिमानाच्या नावाखाली त्याला अंधारात ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या नोकरीवर आपली क्रांती करून घेण्यासारखे आहे. आणि बावीस वर्षांच्या मुलाकडून, घरी कर्जाचा हप्ता थकलेला असताना, फुल्यांच्या धैर्याची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतःची नोकरी कोणत्या कपड्यांत मिळवली ते आठवावे.

चांगल्या कपड्यांनी आत्मविश्वास येतो, हा युक्तिवाद ब्लेझर विकणाऱ्यांचा आवडता. त्याला शास्त्राचा आधारही दिला जातो. डॉक्टरांचा म्हणून सांगितलेला पांढरा कोट घातल्यावर माणसांची एकाग्रता वाढते, असा प्रयोग २०१२ साली गाजला होता. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी त्यातला मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. ही दुसरी बातमी व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांपर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही. आत्मविश्वास येतो तो सवयीच्या कपड्याने. आदल्या दिवशी आणलेले बूट चावतात, मित्राकडून आणलेल्या ब्लेझरच्या बाह्या बोटांवर उतरतात, आणि हात कुठे ठेवावेत या विवंचनेत उमेदवार प्रश्नच नीट ऐकत नाही. म्हणून उमेदवाराला सल्ला द्यायचाच झाला तर तो खर्च वाचवणारा असावा. फिकट, बिनचित्राचा, मापात बसणारा शर्ट आणि गडद पॅन्ट बहुतेक ठिकाणी पुरते. माप महत्त्वाचे, नाव नाही; लक्ष्मी रोडवरून मोठ्या नावाचा ढगळ शर्ट आणण्यापेक्षा साधा शर्ट गल्लीतल्या शिंप्याकडून कमरेत आणि बाहीत बसवून घ्यावा, ते दिसतेही बरे आणि पडतेही स्वस्त. बूट जुने असले तरी पॉलिश केलेले असावेत. ते सगळे घालून आधी दोनदा बाहेर पडावे, खुर्चीवर बसून पाहावे. उभ्याने नीट दिसणारी पॅन्ट बसल्यावर घोट्याच्या वर चढते आणि शर्टाची बटणे ताणतात, ते आरशात कळत नाही. कर्ज काढून सूट घेऊ नये. मुलाखत घेणाऱ्याला संध्याकाळी उमेदवाराचे कपडे आठवले नाहीत, म्हणजे कपडे बरोबर होते.

शेवटचा आक्षेप असा की लिहून दिले की गणवेश होतो, आणि गणवेशाने माणूस झाकला जातो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२०मध्ये मंत्रालयातल्या आणि इतर सरकारी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले, तेव्हा त्यावर भरपूर टवाळी झाली. जीन्स-टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी घाला, असे त्यात होते. त्यातले काही मलाही अनाठायी वाटते. पण ज्या अर्थी ते कागदावर होते, त्या अर्थी त्यावर वाद घालता आला. लंडनच्या तपकिरी बुटांवर वाद घालायला अहवाल निघेपर्यंत थांबावे लागले, आणि तोवर किती जण परतले याचा हिशेब नाही. राहता राहिले व्यक्तिमत्त्व. ते वीस मिनिटांच्या संभाषणात दिसावे म्हणूनच तर मुलाखत घेतात. ते टायवरून ओळखायचे असेल तर संभाषणाचा खटाटोप कशाला? ग्राहकांसमोर बसायचे काम आहे, तिथे दिसण्याला महत्त्व आहे, असेही काही संस्था म्हणतील. असू दे. निवड झाल्यावर ग्राहकांसमोर कसे जायचे ते शिकवता येते, तासाभरात शिकवता येते, आणि हॉटेलांपासून विमान कंपन्यांपर्यंत सगळे तेच करतात.

सांगण्याबरोबर हात देणाऱ्या संस्थाही आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या रिव्हरसाइड शाखेने २०१८ साली पुस्तकांसारखेच टाय, हँडबॅगा आणि ब्रीफकेस वाचकांना मुलाखतीसाठी नेऊ द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे लग्नाची शेरवानी भाड्याने मिळते, नाटकाचा जिरेटोप मिळतो. महाविद्यालयाच्या प्लेसमेंट कक्षात दहा मापांचे साधे शर्ट आणि काही जोड बूट ठेवायला फार मोठा निधी लागणार नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एकदा झोळी फिरवली तरी पुरेल. पण तेही नंतरचे. आधीचे काम बिनपैशांचे आहे आणि ते नोकरी देणाऱ्यांचे आहे. मुलाखतीच्या पत्रात वेळ असते, पत्ता असतो, मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या किती प्रती आणाव्यात तेही असते. त्यातच लिहा: साधा, स्वच्छ शर्ट आणि पॅन्ट, साडी किंवा सलवार-कमीज पुरे, टाय, ब्लेझर आवश्यक नाही, बुटांच्या रंगाची अट नाही. तुम्हाला ब्लेझर हवाच असेल तर तसे लिहा, आणि तो का हवा तेही लिहा. ते कारण लिहिता आले नाही, तर अट काढून टाका.